यात्रेत मूल कोणाबरोबर आहे?

(वाचनासाठी : लूक २:२२-५२, उत्पत्ती ३३:१२-१७)



एप्रिल सरत आला की धर्मग्रामाच्या कार्यालयात दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. लग्नाची तारीख धरणारी आणि नव्या गाडीवर आशीर्वाद मागणारी. गाडीवाल्यांना आम्ही विचारतो, ‘कुठे निघालात?’ उत्तर कधी वेलंकनी, कधी गोवा, कधी महाबळेश्वर, तर कधी फक्त ‘सासुरवाडीला, फादर’ असे येते. मग आई कडेवरच्या बाळाकडे पाहून हळूच विचारते, ‘याला न्यावे की आजीकडे ठेवावे? लहान आहे, त्याला काय कळणार?’

हा प्रश्न साधा वाटतो, तरी त्यावर थोडा अभ्यास करावा असे आम्हांला वाटले. आरंभ आमच्याच एका चुकीने करतो. ज्या कुटुंबाशी तिचा संबंध आहे, त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामाची एक दिवसाची यात्रा गेली होती. दोन बसगाड्या होत्या. परतताना अंधार पडू लागला होता, चालक घाई करत होता आणि आम्ही यादी हातात घेऊन दाराशी उभे राहिलो. एकेका कुटुंबाचे नाव घेतले. प्रत्येक नावाला ‘आहोत, फादर’ असे उत्तर आले. आम्ही खूण केली आणि गाड्या सुटल्या. सुमारे अर्ध्या तासाने चहासाठी थांबलो, तेव्हा कळले की चार वर्षांचा एक मुलगा दोन्ही गाड्यांत नाही. आई दुसऱ्या गाडीत होती. तिला वाटले, तो आजीबरोबर पहिल्या गाडीत आहे. आजीला वाटले, तो आईजवळ आहे. वडिलांना वाटले, दोघींपैकी कोणाजवळ तरी असेलच. आणि आम्ही तर कुटुंबे मोजली होती, डोकी मोजलीच नव्हती.

गाडी मागे फिरवली. त्या परतीच्या अर्ध्या तासात गाडीत कोणीतरी रोजरी सुरू केली, पण आमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मुलगा मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंच्या शेजारी बाकड्यावर बसला होता. बाईंनी त्याला बिस्किटे दिली होती. तो रडला नव्हता. आईला पाहिल्यावर मात्र तो जो रडू लागला, तो घर येईपर्यंत. आज तो दहावीत आहे आणि आम्हांला पाहिले की हसतो, पण तो संध्याकाळचा रस्ता आम्ही विसरलेलो नाही.

आता लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडा. योसेफ आणि मरिया दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला जेरुसलेमला जात. नासरेथहून जेरुसलेम शंभर किलोमीटरहून अधिक, म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षातून तीन सणांना परमेश्वरासमोर हजर राहण्याची आज्ञा पुरुषांना केली होती. मरियेवर ते बंधन नव्हते. तरीही ती जात असे, आणि येशू बारा वर्षांचा झाला तेव्हा तोही त्यांच्याबरोबर होता. वाटेत लुटारूंचे भय, म्हणून सारा गाव मिळून काफिल्याने प्रवास करी. सण आटोपून परतताना येशू मागे राहिला आणि आईवडील एक पूर्ण दिवस पुढे चालून गेले.

असे कसे झाले? प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते की काफिल्यात पुरुष वेगळे आणि स्त्रिया वेगळ्या चालत, म्हणून दोघांचा गैरसमज झाला. ही कल्पना चांगली आहे, पण लूक तसे काही लिहीत नाही. तो एवढेच सांगतो की मुलगा यात्रेकरूंच्या घोळक्यात असेल असे त्यांनी समजून घेतले. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘गृहीत धरणे’ असा आहे. जगातले सर्वांत पवित्र आईवडील, आणि त्यांच्याकडूनही ‘असेलच कुठेतरी’ असे झाले. लूकने ही गोष्ट झाकून ठेवली नाही, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. त्या चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या आईला दुसरा कोणता आधार आम्ही देऊ शकलो असतो?

पुढचे नीट वाचा. मरिया आणि योसेफ एकमेकांना दोष देत बसले नाहीत. नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत शोधले, सापडला नाही तेव्हा आलेली वाट मागे तुडवत जेरुसलेमला गेले. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. मरियेने आपले दुःख त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. येशूने दिलेले उत्तर त्या दोघांना समजले नाही, हेही लूक लिहितो. मरियेने मात्र सर्व गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावर लिहिलेल्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या २०१६ च्या पत्रात मुलांच्या संगोपनावर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यातला एक विचार इथे नेमका लागू पडतो. मूल या घटकेला कुठे उभे आहे, कोणाबरोबर आहे, याची सतत टेहळणी करणे म्हणजे संगोपन नव्हे. त्याचे मन कुठे आहे, जीवनाच्या वाटेवर ते कुठवर आले आहे, हे आपल्याला ठाऊक आहे का, असे ते विचारतात. म्हणजे हरवणे दोन प्रकारचे झाले. एक, हात सुटतो तेव्हाचे. दुसरे, हात धरलेला असूनही होणारे. पहिल्याचा शोध लगेच सुरू होतो. दुसरे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे हे दुसरे हरवणे फार आहे. सकाळी पाच-साडेपाचला वडील विरार लोकल पकडायला निघतात तेव्हा मूल झोपलेले असते. रात्री परततात तेव्हाही झोपलेले असते. आता तर पुष्कळ घरांत आईही त्याच गर्दीत उभी असते. वाडी सांभाळणारे आजीआजोबा आहेत म्हणून बरे. अशा घरात सहलीचा एक दिवस ही चैन नव्हे. तीन वर्षांच्या मुलाला वडील सलग आठ तास, उजेडात, जागेपणी दिसण्याची ती एकमेव संधी असू शकते. त्याला ताजमहाल कळणार नाही हे खरे. पण बाबा आज घाईत नाहीत, हे त्याला कळते.

अडचण अशी की सहलीलाही आपण लोकल पकडल्यासारखेच निघतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही वसईच्या किल्ल्यात काही पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. तिथे एक कुटुंब भेटले. वडील हौशी आणि इतिहासाचे जाणकार. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली, हे सर्व ते मुलीला सांगत होते. जेझुइटांचे पडके चर्च दाखवून त्यांनी संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव घेतले. वसईत जन्मलेला, १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणारा आणि १८६२ साली संतपदाला पोहोचलेला हा आपला माणूस. सांगणे उत्तम होते, पण मुलगी साडेतीन वर्षांची. ती उकिडवी बसून मुंग्यांची रांग पाहत होती. ‘चल, अजून बंदर दरवाजा राहिला आहे,’ म्हणून वडिलांनी तिला उचलले, तशी तिने किंकाळी फोडली. पुढचा अर्धा तास कोणालाच काही पाहता आले नाही.

आम्हांला तेव्हा याकोब आठवला. वीस वर्षांनी तो बायकामुले आणि गुरेमेंढरे घेऊन मायदेशी परतत होता. भाऊ एसाव चारशे माणसांनिशी सामोरा आला. दोघांची गळाभेट झाली आणि एसाव म्हणाला की आता बरोबरच जाऊ. याकोबाने नम्रपणे नकार दिला. मुले कोवळी आहेत, कळपात दूध पिणारी पिल्ले आहेत, एक दिवस जरी ताणून हाकली तरी मरतील. तुम्ही पुढे व्हा, मी त्यांच्या चालीने मागून येतो, अशा अर्थाचे त्याचे बोलणे आहे. (याकोब मोठा चतुर. सेईरला येतो म्हणाला आणि सुक्कोथला जाऊन राहिला. पण सबब खरी नसती तर एसावाने ती मानली नसती.) कुटुंबाच्या प्रवासाचा वेग त्यातल्या सर्वांत लहान पायांनी ठरवावा, ही गोष्ट बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. साडेतीन वर्षांच्या पायांना किल्ल्याचा एक दरवाजा आणि एक मुंग्यांची रांग पुरेशी होते. बंदर दरवाजा कुठे जात नाही. पुढच्या वर्षीही तो तिथेच असेल.

काही मंडळींच्या मनात वेगळाच सल असतो. विशेषतः कष्टाळू माणसाला नुसते भटकणे, मुलाबरोबर वाळूत खेळणे, हे वेळ वाया घालवल्यासारखे वाटते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांचे एक प्रकरण वाचून चकित झालो होतो. खेळ आणि विरंगुळा हा सद्गुणाचा विषय आहे, असे ते मांडतात आणि संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, ‘असे सतत करता येईल का?’ तो म्हणाला, ‘धनुष्य मोडेल.’ माणसाच्या मनाचेही तसेच, असे योहानाने त्याला दाखवून दिले. विश्रांतीअभावी मोडलेली धनुष्ये आम्ही घरभेटींच्या वेळी पाहतो. ती बहुधा मुलांवरच मोडतात.

मिस्साविषयी पुष्कळ जण विचारतात, म्हणून थोडक्यात. सहल रविवारी असली तरी मिस्साची जबाबदारी सुटत नाही, पण ती पार पाडणे अवघड नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, तसेच वाटेतल्या कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा ऐकता येते. खरीच अडचण असेल तर आधी येऊन सांगा. योग्य कारण असल्यास सूट देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेच्या कायद्याने प्रमुख धर्मगुरूला दिला आहे. सात वर्षे पूर्ण न झालेल्या मुलावर हे बंधन नाही. तरी त्याला बरोबर आणा. परक्या चर्चमध्येही आपलाच क्रूस आणि आपलीच मरियामाता दिसली की मुलाला नवल वाटते. तिथे ते रडले तर बाहेर नेऊन शांत करा आणि परत या. कोणी वळून पाहिले तर पाहू द्या. मुलांना आणणाऱ्यांना शिष्यांनीही दटावले होते आणि प्रभू शिष्यांवर रागावला होता.

आणखी एक विनंती. आजीआजोबांना मागे ठेवू नका. बाळ येशूला पहिल्यांदा मंदिरात नेले ते चाळीस दिवसांचा असताना, बेथलेहेमहून आठ-नऊ किलोमीटरवर. गरिबाचे अर्पण म्हणून पक्ष्यांची जोडी दिली. तिथे त्याला हातांवर घेतले ते म्हाताऱ्या शिमोनाने, आणि त्याच्याविषयी सर्वांना सांगत सुटली ती चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांची चाल सारखीच असते. दोघांनाही वारंवार बसावे लागते आणि बसल्यावर दोघांनाही गोष्ट हवी असते.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. मे महिन्यात अकरा ते चार उन्हात फिरू नका. पाणी भरपूर घ्या. मुलाला बाहेरचे खाणे नको असेल तर आपली सुकेळी पिशवीत असू द्या. ती टिकतात आणि मुले आवडीने खातात. समुद्रावर मूल पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्याच्याकडे पाहावे, मोबाईलकडे नव्हे. भरती कधी आहे ते आधी विचारून घ्या. किल्ल्यात कठडा नसलेले जिने आणि जुन्या विहिरी आहेत, तिथे हात सोडू नका. मुलाच्या खिशात घरच्या फोन नंबराची चिठ्ठी ठेवा. मूल दिसेनासे झाले तर लाजत बसू नका. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर आहेत. आणि निघण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी एकाने मोठ्याने म्हणावे, ‘आता पुढचा तासभर बाळ माझ्याकडे.’ तास संपला की दुसऱ्याचे नाव घ्यावे. आमच्या त्या यात्रेत एवढे एक वाक्य कोणी उच्चारले असते तर गाडी मागे फिरवावी लागली नसती.

या आठवड्यात रोजरीनंतर लूक २:४१-५२ कुटुंबात वाचावे. मोठ्यांनी याचा विचार करावा : आपल्या घरात कोणते काम ‘दुसरा कोणीतरी पाहत असेल’ म्हणून सुटते? मागच्या वेळी बाहेर गेलो तेव्हा वेग कोणाचा होता? लहानग्याला एवढेच विचारावे की त्या दिवसातले तुला काय आठवते. त्याचे उत्तर मध्येच दुरुस्त करू नये. ते देवळाविषयी बोलेल असे नाही; बसच्या खिडकीविषयी किंवा वाटेतल्या कुत्र्याविषयी बोलेल. मरियेलाही उत्तर समजले नव्हते. तिने ते जपून ठेवले.

धर्मग्रामाची पुढची यात्रा ठरली की नावे कार्यालयात द्यावीत. पाच वर्षांखालील मुलांचीही द्यावीत, त्यांना स्वतंत्र आसन लागत नसले तरी. यादीत त्यांची नावे वेगळ्या ओळीत लिहिली जातील आणि दाराशी उभे राहून आम्ही स्वतः प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजू.

तुमचे प्रमुख धर्मगुरू