गावाशेजारी मोठे कुक्कुटगृह : हरकत कशावर घ्यावी?

परसात पाच-दहा कोंबड्या बाळगणे ही वऱ्हाडातील कुटुंबांची जुनी सोय होय. तिजविरुद्ध आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या गावी एकाच छपराखाली १०,००० पक्षी कोंडण्याचा बेत निघाल्यास शेतकरी बंधूंनी आधी हिशेब मागावा. अंड्यावरील कोंबडी दिवसास सुमारे पाव लिटर पाणी पिते व सुमारे १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. म्हणजे रोज २,५०० लिटर पाणी लागणार व एक टन विष्ठा निघणार. शेगाव-संग्रामपूरकडील खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची आधीच वाण. तेथे हे पाणी कोणत्या विहिरीचे? विष्ठा नीट कुजविल्यास उत्तम खत होते, हे खरे. पण पावसात उघडी राहिल्यास माशा माजतात व नायट्रेट विहिरीत उतरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांत वस्तीपासून ५०० व पिण्याच्या विहिरीपासून १०० मीटर अंतर सांगितले आहे. ते फीत लावून मोजावे. मक्यास गिऱ्हाईक मिळेल, असे चालक सांगतील; ते मलकापूरच्या बाजारातही मिळते.

रोगाचा मुद्दा याहून गंभीर आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटगृहांत भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. मार्चमध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात परसातील कोंबड्यांतही तो दिसला. नवापुरात २०२१ साली साथ पुन्हा आली. रोग ठरला की भोवतालच्या ठरावीक टापूतील सर्वच पक्षी मारले जातात. त्यांत विधवेच्या चार कोंबड्याही जातात. म्हणून हरकत ग्रामसभेत लेखी द्यावी, सोबत विहिरी दाखविणारा नकाशा जोडावा आणि ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्यावी.