ड्रॉपचं वर्ष, संगणक आणि शेततळ्याचं गणित

बारावीनंतर एक वर्ष घरी राहून मग इंजिनिअरिंगला आलेली मुलं आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर आहेत. मीही त्यातलाच एक. आपल्याकडे या वर्षाला 'ड्रॉप' म्हणतात आणि त्याची कारणंही बहुतेक ठरलेलीच असतात. सीईटीला पर्सेंटाइल कमी पडलं, फीचे पैसे जुळले नाहीत, नीटच्या नादात इंजिनिअरिंगचे राउंड संपून गेले, नाहीतर घरात कुणीतरी आजारी पडलं. सुट्टीत गावी गेलो की अशा मुलांचे आईवडील हमखास विचारतात, "पोरगा वर्षभर घरीच आहे, कॉम्प्युटरचं काही शिकू द्यावं का?" आणि आपण सगळे "एमएस-सीआयटी करून घे म्हणावं" असं सांगून मोकळे होतो. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं काय, ते या लेखात मांडतो.

आधी एमएस-सीआयटीबद्दल, कारण आपल्याकडे तिला नावं ठेवायची फॅशन आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि हा कोर्स तिने गावोगावच्या केंद्रांमधून चालवला. अंबड, परतूर, मंठा, भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी एका पिढीने माउस पहिल्यांदा हातात धरला तो याच केंद्रांवर. घरी संगणक नाही, शाळेतली लॅब कायम कुलूपबंद, अशा मुलाला दोन-तीन महिन्यांत फाइल, फोल्डर, वर्ड, एक्सेल, ई-मेल यांची भीती जाते, ही लहान गोष्ट नाही. शिवाय सरकारी नोकरीच्या जाहिरातींमध्ये हे प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे ते फाइलला लावून ठेवायलाच हवं. टायपिंगचंही तसंच. राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी लागते. पण ती नोकरी करायची नसली तरी मी टायपिंगच्या बाजूने आहे. फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला निम्मी मुलं तर्काला अडत नाहीत, सेमीकोलनची की कुठे आहे इथेच अडतात. दोन तासांचं प्रॅक्टिकल, त्यातला पाऊण तास अक्षरं शोधण्यात जातो, आणि मुलगा समजतो की आपल्याला प्रोग्रॅमिंग जमत नाही. रोज अर्धा तास याप्रमाणे दोन महिने टायपिंग केलं असतं तर हा गैरसमज झालाच नसता.

मग अपुरं काय आहे? कोर्समध्ये प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो, पायऱ्या दुसऱ्याने लिहिलेल्या असतात, आणि उत्तर बरोबर की चूक हे मशीन सांगतं. आपल्या शाखेत पुढे जे लागतं ते याच्या उलट आहे. प्रश्न नीट मांडलेलाच नसतो, कोणता आकडा घ्यायचा ते कुणी सांगत नाही, आणि उत्तर चुकलं तर संगणक एका शब्दाने बोलत नाही. याची सवय लावायला ड्रॉपचं वर्ष फार उत्तम. कॉलेज सुरू झालं की सबमिशन आणि युनिट टेस्टमध्ये ती उसंत मिळत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच की कोर्स झाल्यावर गावातला एक खरा हिशोब धरावा आणि ज्याचा तो हिशोब आहे त्याला उपयोगी पडेपर्यंत सोडू नये. दूध संकलनाचा, पिठाच्या गिरणीचा, बचत गटाचा, कुठलाही चालेल. मी शेततळ्याचा धरला होता, तोच उदाहरण म्हणून घेतो.

आपल्या जिल्ह्याला शेततळं नवीन नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ नंतर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं आणि पुढे शेततळ्यांवर तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, आणि २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजना आली. आमच्या तात्यांचं (चुलत्यांचं) तळं प्लॅस्टिकचं अस्तर टाकलेलं आहे, म्हणजे पाणी जमिनीत मुरत नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: "तळं भरलेलं हाये, मिरगापर्यंत बागेला पुरंल का तेवढं सांग." बघा, यात एकही आकडा नाही. आकडे आपण गोळा करायचे, टेपने मोजायचे, विचारायचे. हाच पहिला धडा, आणि तो कुठल्याही कोर्सच्या पुस्तकात नसतो.

समजायला सोपं जावं म्हणून मी इथे गोल आकडे घेतो. तळ्याचं तोंड ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूचा उतार एकास एक. घाईत कुणीही ३० गुणिले ३० गुणिले ३ करून २७०० घनमीटर म्हणेल. पण उतारामुळे तळ अरुंद होतो. प्रत्येक बाजूने ३ मीटर आत आलो म्हणजे तळ २४ बाय २४. आता वरचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ५७६, यांची सरासरी काढून खोलीने गुणलं तर २२१४ येतात. हेही पूर्ण बरोबर नाही. सिव्हिलवाले प्रिझमॉइडल सूत्र वापरतात: वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि बरोबर मधल्या पातळीच्या क्षेत्रफळाची चौपट, यांची बेरीज करायची, सहाने भागायचं आणि खोलीने गुणायचं. मधली पातळी २७ बाय २७ म्हणजे ७२९, त्याची चौपट २९१६. सगळं मिळून ४३९२, भागिले ६, गुणिले ३. उत्तर २१९६ घनमीटर, म्हणजे २१ लाख ९६ हजार लिटर. पहिल्या घाईच्या उत्तरात ५ लाख लिटरच्या वर पाणी नुसतं कागदावर होतं!

हे प्रथम एक्सेलमध्ये करावं, किंवा लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, ते फुकट आहे. लांबी, रुंदी, खोली, उतार यांना वेगवेगळे सेल द्यावेत, सूत्रात थेट आकडा कधीही लिहू नये. म्हणजे उतार १ च्या जागी १.५ टाकला की तळ २१ मीटरचा होतो आणि उत्तर आपोआप १९७१ वर येतं. कागदावर एकदा हाताने ताळा केला की पुढच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

त्यानंतर तेच प्रोग्रॅममध्ये लिहावं. मजा इथे सुरू होते. सी भाषेत कुणी हे सूत्र पुस्तकाप्रमाणे 'एक भागिले सहा, गुणिले कंसातली बेरीज' असं लिहिलं, तर तळ्यात शून्य लिटर पाणी येतं. कारण सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक कापला जातो आणि एक भागिले सहा म्हणजे सरळ शून्य. १ च्या जागी १.० लिहिलं की पाणी परत येतं. पायथॉनमध्ये हाच भागाकार ०.१६६ असा नीट मिळतो. हे वाक्य वर्गात ऐकून वहीत लिहिलेलं परीक्षेपर्यंत टिकतं की नाही माहीत नाही, पण भरलेलं तळं एकदा स्क्रीनवर कोरडं पडलं की जन्मभर लक्षात राहतं.

दुसरी गंमत त्याहून घातक आहे. तोंड १५ बाय १५, उतार एकास एक आणि खोली चुकून १० टाइप झाली असं धरा. तळाची बाजू येते वजा ५ मीटर. असं तळं पृथ्वीवर खोदता येत नाही. पण वर्ग केला की वजा ५ चे २५ होतात, चिन्ह गायब होतं, आणि प्रोग्रॅम निर्विकारपणे ५८३ घनमीटर असं उत्तर देतो. ना एरर, ना वॉर्निंग. म्हणून आकडा आत घेतानाच 'तळाची बाजू शून्यापेक्षा कमी तर थांब' अशी अट घालायची. वायवाला 'व्हॅलिडेशन म्हणजे काय' याची व्याख्या सगळे घडाघडा सांगतात, त्यामागचं कारण हे आहे.

आता तात्यांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा ३०० झाडं आणि उन्हाळ्यात झाडाला रोज १०० लिटर. म्हणजे रोज ३०,००० लिटर. २१,९६,००० ला ३०,००० ने भागलं की ७३ दिवस. १ एप्रिलला सुरुवात केली तर १२ जूनपर्यंत पुरलं, मृग लागतो ७ जूनच्या आसपास, म्हणजे काळजी नाही. पण ऊन पाणी उडवून नेतं त्याचं काय? रोज ५ मिलिमीटर धरले तर ९०० चौरस मीटरवरून ४,५०० लिटर जातात. मग ३४,५०० ने भागा, दिवस उरतात ६३, आणि पाणी २ जूनलाच संपतं. तरीही हे अचूक नाही, कारण पाणी खाली गेलं की उतारामुळे पृष्ठभाग लहान होतो आणि बाष्पीभवनही कमी होतं. रोजचा पृष्ठभाग नव्याने काढायचा, त्यावरून त्या दिवशीची वाफ, मग उरलेलं पाणी, त्यावरून पुन्हा दुसऱ्या दिवशीचा पृष्ठभाग. लूप शिकवतात तो याच्यासाठी. लूप चालवल्यावर उत्तर येतं ६५ दिवस, म्हणजे ४ जून. मृगाच्या तीन दिवस आधी तळं कोरडं. साध्या भागाकाराने 'पुरतंय' म्हटलं होतं, लूप म्हणतो 'पुरत नाही'. आणि मृग लागला म्हणजे पाऊस पडलाच असंही नाही, ते जालन्यात कुणाला सांगायला नको. एप्रिलमध्येच हे कळलं तर झाडाचं पाणी थोडं कमी करता येतं, आच्छादन टाकता येतं. जूनमध्ये कळून काही उपयोग नसतो.

"हे सगळं खरं, पण आमच्याकडे संगणकच नाही," असं काही जण म्हणतील. आता मोबाइलवर पायथॉन चालवणारी अॅप आहेत. छोट्या स्क्रीनवर डोळ्यांना त्रास होतो, पण वरचा प्रोग्रॅम वीस-पंचवीस ओळींचा आहे, तेवढा जमतो. जुना सेकंडहँड डेस्कटॉप मिळाला तर त्यावर हलकं लिनक्स टाकावं, छान पळतं. (थ्री फेजचं वेळापत्रक मोटारीला, संगणकाला सिंगल फेज पुरते, हा आपला फायदा!) लिनक्स ज्याने लिहिलं त्या लिनस टोरवाल्ड्सची हकिगत इथे सांगण्यासारखी आहे. फिनलंडमधली सक्तीची लष्करी सेवा संपवून तो १९९० साली घरी आला आणि त्या उन्हाळ्यात त्याने टॅनेनबाउमचं ऑपरेटिंग सिस्टिमचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. त्यातलं चालवून पाहता येईल असा पीसी त्याने घेतला तो जानेवारी १९९१ मध्ये. म्हणजे पुस्तक आधी, मशीन नंतर.

शिकवायला कोण, हा प्रश्न आता मागच्या पिढीइतका अवघड राहिलेला नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे पाठ साधारण दहा-दहा मिनिटांचे आहेत, सी, पायथॉन, लिनक्स, लिबरऑफिस यांवर आहेत, आणि बऱ्याच पाठांना मराठी आवाज आहे. त्यांची पद्धत मला फार आवडते. अर्ध्या स्क्रीनवर पाठ, अर्ध्यावर आपलं काम, थोडं ऐकायचं, थांबवायचं, करून बघायचं. मराठी माध्यमातून आलेल्याने सुरुवात इथून करावी आणि इंग्रजी लेक्चर नंतर ऐकावीत. एकाच वेळी नवी भाषा आणि नवा विषय डोक्यावर घेण्यात काही शौर्य नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. ज्या वर्षीची सीईटी त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालते, म्हणजे ड्रॉपवाल्याला ती पुन्हा द्यावीच लागते. तेव्हा दिवस गणित-फिजिक्सला आणि संध्याकाळचे दोन तास संगणकाला, याहून जास्त देऊ नयेत. २०१९ पासून एमएचटी-सीईटी संगणकावरच होते, त्यामुळे सरावलेला हात तिथेही कामी येतो. जातपडताळणी, नॉन-क्रिमिलेअर वगैरे कागद याच वर्षात निवांतपणे काढून ठेवावेत, आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं ते विसरू नये. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलमधली रांग ज्याने पाहिली आहे त्याला मी हे का सांगतोय ते कळेल.

आपल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. पहिल्या प्रॅक्टिकलला ड्रॉपवाल्या मुलांना गॅप का पडला हे आम्ही हजार वेळा सांगितलेलं असतं. त्याऐवजी त्या वर्षात काय बनवलं हे विचारा. कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये बचत गटाची शीट निघेल, कुणाच्या दूध डेअरीची. पहिल्या असाइनमेंटला विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढण्यापेक्षा तीच पुढे नेता येईल.

ज्यांना हात चालवून बघायचा आहे त्यांच्यासाठी वरच्याच तळ्याचं पुढचं गणित देतो. समजा चाळिसाव्या दिवशी वळवाचा २० मिलिमीटर पाऊस झाला. पाऊस तळ्याच्या तोंडाच्या पूर्ण ९०० चौरस मीटरवर पडतो आणि अस्तरावरून घसरून आत येतो, वाफ मात्र त्या दिवशी जेवढा पाण्याचा पृष्ठभाग असेल तेवढ्यावरूनच जाते. या दोन गोष्टी लूपमध्ये वेगवेगळ्या ठेवून तळं किती तारखेपर्यंत पुरतं ते काढा. मग झाडाला रोज १०० ऐवजी किती लिटर दिले तर ७ जून गाठता येईल तेही शोधा. पहिल्या भागात एक ओळ वाढवून भागेल, दुसऱ्यासाठी लूपच्या बाहेर आणखी एक लूप लागेल. उत्तर घेऊन माझ्या खोलीवर या, ताळा करून बघू.