शेडकार्डावरचा गुलाबी

लेक सातवीत गेली तेव्हा तिला स्वतंत्र खोली द्यायचं ठरलं. तिनं एकच मागितलं, भिंती गुलाबी हव्यात. दुकानात ट्यूबलाइटखाली शेडकार्ड पाहिलं, पेराएवढ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि चारही भिंतींना पुरेल असा ८ लिटर रंग मशीनवर करून घेतला. चूक तिथंच झाली. एकदा मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही.

१० बाय ११ ची खोली, खिडकी पश्चिमेला, गाव सोलापूर. पहिला हात मारतानाच पेंटर म्हणाला होता, "ताई, वाळल्यावर अजून चढेल हं." चढलाच. पण खरा प्रकार कळला संध्याकाळी. उतरतं ऊन आत आलं आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकायला लागल्या. पांढरं छत, पांढरी चादर, लेकीचा चेहरा, सगळं लालसर. सासूबाईंनी दारातून पाहिलं आणि "हिला ताप आलाय का गं?" म्हणत तिच्या कपाळाला हात लावला. रात्री पांढरा एलईडी लागला की तीच भिंत जांभळट दिसायची. पंधरा दिवसांत पोर अभ्यासाला पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर यायला लागली. रंग तिनंच मागितलेला, म्हणून बिचारी काही बोलत नव्हती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ज्यांच्या घरी गुलाबीचा विचार चाललाय त्यांना कळकळीनं सांगते, कार्डावर आवडली त्याहून दोन घरं फिकी छटा घ्या. चार भिंतींत तो रंग आपोआप गडद वाटतो. आधी सगळ्यात लहान डबा आणा, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि त्याच खोलीत सकाळी, उतरत्या उन्हात आणि रात्री बघा. दिवा आधी ठरवा, रंग मागाहून. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात गुलाबी निळसर होतो, २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळट दिव्यात पीचकडे झुकतो.

उन्हाचं आणखी एक आहे. वर्षभरानं भिंतीवरचं शाळेचं वेळापत्रक काढलं, तर मागे गडद चौकोन. आजूबाजूचा रंग विटलेला. भडक गुलाबीतली काही रंगद्रव्यं ऊन सोसत नाहीत. जयपूर आठवून बघा. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी रंगवलेल्या त्या शहराचा गुलाबी खरं तर गेरूकडे झुकणारा आहे. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, ते उन्हाला दाद देत नाही. ज्यांच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे त्यांनी राणी कलरचा मोह सोडून असाच मातकट गुलाबी निवडावा.

पुन्हा खर्च करायची ऐपत यायला आम्हाला वर्ष लागलं. आधी प्रायमरचा हात द्यावा लागला, नाहीतर फिक्या रंगातून जुना गुलाबी डोकावत राहतो. आता तीन भिंती सायीच्या रंगाच्या आणि पलंगाशेजारची एकच गेरूगुलाबी. तिच्या छटेचा कोड मी डब्याच्या झाकणावरून उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. लेक अभ्यासाला खोलीतच बसते, त्या भिंतीकडे पाठ करून. झोपताना मात्र कूस तिकडेच.