परत फिरायची सोय

अगं मनू, लायसन्स हातात आल्यापासून तुझ्या तोंडी एकच नाव आहे: ल तुके. शनिवारी सकाळी केंटमधल्या लिडहून उडायचं, खाडीपलीकडे फ्रान्समध्ये जेवायचं आणि दिवेलागणीला घरी. बेत झकासच आहे. सरळ रेषेत अंतर जेमतेम ३७ नॉटिकल मैल, म्हणजे क्लबच्या सेसना १७२ला पंचवीस मिनिटं. पण ताई म्हणून एक सांगू? त्या पंचवीस मिनिटांची तयारी कित्येक आठवडे आधी सुरू होते. आणि ती अशी कर, की कुठल्याही क्षणी तुला ‘आज नको’ म्हणता येईल. परत फिरणं महाग पडणार असेल, तर माणूस फिरत नाही. सगळं घोडं तिथेच अडतं.

सुरुवात व्हिसापासून कर. तुझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. इंग्लंडमध्ये राहायची परवानगी फ्रान्सच्या दारात चालत नाही, शेंगेन व्हिसा लागतोच. विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ज्या सवलती मिळतात, त्या हौशी पायलटला मिळतील असं धरून चालू नकोस. आणि व्हिसा मागताना अनेक वेळा प्रवेशाचा माग. एकाच प्रवेशाचा मिळाला, तर एकदा तिकडे उतरून परत आलीस की तो संपला. मग ‘मिळालाय तर वाया कशाला घालवायचा’ म्हणून ढगाळ दिवशीही निघायचा मोह होतो. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपने सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, तेव्हा उतरल्यावरचा वेळही सढळ हाताने धर.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून फ्रान्समधल्या वाटेल त्या गवती धावपट्टीवर उतरता येत नाही. कस्टम्स आणि इमिग्रेशनची सोय असलेला विमानतळ लागतो आणि आगाऊ सूचनाही द्यावी लागते. किती तास आधी, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. त्यामुळे क्लबातल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस, त्या विमानतळाची ताजी अधिकृत माहिती स्वतः वाच. पर्यायी विमानतळ निवडतानाही तिथे कस्टम्स आहे का ते बघ. जीव वाचवायला कुठेही उतरावं, त्यात प्रश्नच नाही. पण नुसत्या ढगांमुळे वळायचं असेल, तर कागदपत्रांत बसणारी जागा आधीच ठरलेली बरी. फ्रान्समधल्या काही छोट्या विमानतळांवर रेडिओवर फक्त फ्रेंच चालतं, हेही लक्षात असू दे.

इकडच्या बाजूला जीएआर नावाचा अहवाल ऑनलाइन भरायचा असतो, जातानाही आणि येतानाही. एप्रिल २०२४पासून नियम कडक झाला आहे. उड्डाणाच्या ४८ तासांहून आधी भरायचा नाही आणि शेवटच्या दोन तासांच्या आत चालत नाही. चुकलं तर दहा हजार पौंडांपर्यंत दंड. नावं पासपोर्टवर आहेत तश्शी घाल, घरात ज्या नावाने हाक मारतो ती नकोत. आणि येतानाचा अहवाल जेवणाच्या टेबलावरून मोबाइलवर भरायचा असेल, तर ते दोन तास मोज. फ्लाइट प्लॅन निघण्याच्या निदान एक तास आधी गेला पाहिजे. उतरल्यावर तो बंद झाल्याची खात्री कर, नाहीतर तू कॉफी पीत असशील आणि इकडे तुझी शोधाशोध सुरू होईल.

आता इंधन. नियम म्हणतो, दिवसा नजरेने उडताना अर्ध्या तासाचं शिल्लक हवं. मी म्हणते, एक तासाचं ठेव. शक्यतो जाण्यायेण्याचं सगळं इथूनच भरून ने. तिकडे पंप बंद असतो, किंवा ठरावीक कंपनीच्याच कार्डावर चालतो, आणि हातात कार्ड नसलं की बसा बोंबलत. पण म्हणून टाकी काठोकाठही भरू नकोस. तुझ्या विमानात वापरता येण्याजोगं इंधन साधारण २०० लिटर. अ‍ॅव्हगॅस लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १४४ किलो झाले. रिकामं विमान ७६० किलोच्या आसपास, कमाल वजन ११५७. उरले २५३ किलो. चौघं मोठी माणसं त्यात बसत नाहीत. १२० लिटर घेतलंस, तर ताशी पस्तीसच्या हिशेबाने तीन तासांहून अधिक पुरतं आणि चौघंही बसतात, फक्त सामान पर्सपुरतं. नेमके आकडे तुझ्या विमानाच्या वजनाच्या कागदावरून घे. आणि गॅलन बघताना सांभाळ. विमानाच्या पुस्तकातला गॅलन अमेरिकन, ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६चा; पंप मोजतो लिटरमध्ये.

भरल्यावर थोडा वेळ थांब आणि प्रत्येक निचऱ्यातून पारदर्शक पेल्यात थोडं थोडं इंधन काढ. पेला आकाशाकडे धरून बघ. शंभर एलएल जातीचं अ‍ॅव्हगॅस निळसर दिसतं. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थेंब गोळा होऊन लुटुलुटु हलतो. पेल्यात रेघ दिसत नाही म्हणून खूश होऊ नकोस. सगळंच बिनरंगी असेल, तर ते नुसतं पाणी असू शकतं, किंवा कोणी चुकून जेट इंधन भरलेलं असू शकतं. निळा रंग दिसला, तरच पुढे जा.

समुद्राचं गणित तर तोंडपाठ हवं. इंजिन बंद पडलं, तर सेसना १७२ दर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जाते. डोव्हर ते फ्रेंच किनारा सर्वांत अरुंद जागी १८ नॉटिकल मैल. म्हणजे मध्यावर सहा हजार फूट असतील, तर वारा नसताना कुठला तरी काठ जेमतेम गाठता येतो. दोन हजारांवर असशील, तर तीनच मैल. म्हणून लिडहून सरळ पाण्यावर जाऊ नकोस, डोव्हरवरून वळसा घे. वीसेक मैल वाढतील, बारा मिनिटं जातील, जाऊ देत. नियंत्रित हवाई हद्द कुठे सुरू होते ते नकाशावर बघून उंची ठरव. लाइफ जॅकेट निघतानाच अंगात घालायचं, मागच्या सीटवर ठेवायचं नाही. आणि बोटीवरचं, पाणी लागताच आपोआप फुगणारं नको. बुडत्या केबिनमध्ये ते फुगलं, तर माणूस छताला चिकटतो, दारातून बाहेर पडता येत नाही. दोरी ओढून फुगवायचंच घे.

हवामानाचं काय सांगू! १६ एप्रिल १९१२ला हॅरिएट क्विम्बीने डोव्हरहून निघून ही खाडी ओलांडली, स्वतः विमान चालवत ती ओलांडणारी पहिली बाई. जायचं होतं कॅलेला, पण धुक्यात ती पोचली आर्दलोच्या किनाऱ्यावर, तुझ्या ल तुकेच्या थोडं उत्तरेला. आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडालेली, त्यामुळे वर्तमानपत्रांत तिला फारशी जागाही मिळाली नाही. तू धुक्यात शिरू नकोस, तुझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. आणि आईला जिचा एवढा अभिमान, ती आपल्या मुंबईची आरोही पंडित आठव. मे २०१९मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तोही स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड, कॅनडा असे तुकडे पाडून. प्रत्येक तुकड्याच्या आधी थांबायला जमीन होती. तुझ्या छोट्या सहलीतही असे थांबे ठेव: घरातून निघताना एकदा ठरव, लिडला एकदा, डोव्हरवर एकदा.

येताना चीज आणू नकोस गं. एप्रिल २०२५मध्ये ब्रिटनने युरोपातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सोबत आणायला बंदी घातली, निघताना ताजा नियम बघ. जातानाही पनीर आणि तुपाचा डबा घरीच ठेव, चिवडा ने.

आता पैशाचं आणि लाजेचं. सोमवारी सकाळी मीटिंग ठेवू नकोस. ढग उतरले, तर ल तुकेजवळच्या एताप्ल स्टेशनवरून कॅलेला गाडी आहे आणि पुढे डोव्हरला बोट. पाहुणे तसे येतील, विमान तिथेच राहील. पण विमान दोन दिवस अडकलं तर भाडं किती आणि ते आणायला कोण जाईल, हे क्लबला आजच विचारून ठेव. उत्तर परवडत नसेल, तर हा बेत अजून तुझा नाही. परवडत असेल, तर खुशाल जा आणि तिथलं माशांचं सूप माझ्या वाटचंही पी.