चार फुटी फळी, चार इंची फट

शाळेचा रॅम्प मी बांधलाय, हे त्या सकाळी मी मतदानाच्या रांगेतल्या चौघांना तरी सांगितलं असेल. तारीख ७ मे २०२४, चिकोडी लोकसभेचं मतदान. चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या आमच्या गावच्या शाळेत बूथ होता. वयाच्या सोळाव्या वर्षी बिगारी म्हणून घमेलं उचललं, मग गवंडी झालो आणि गेली वीस वर्षं लहानसहान सरकारी कामं घेतो. लोक मला मेस्त्री म्हणतात. त्या रॅम्पला मी स्टीलचा चकचकीत कठडा लावला होता, निळ्या रंगात खुर्चीचं चित्र काढून घेतलं होतं. कामाचं बिल विनातक्रार निघालं होतं.

अकराच्या सुमाराला बिडीवाल्या अक्का आल्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचे दोन्ही पाय गेलेले. हाताने पेडल मारायची तीनचाकी त्यांना योजनेतून मिळालेली. त्या वर्षी चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणि पंच्याऐंशीच्या वरच्या वृद्धांना घरून मत देण्याची सोय होती. अक्कांनी त्यासाठीचा फॉर्म भरला नव्हता. सगळं गाव जिथं जातं तिथंच मला जायचंय, असं त्यांनी घरी आलेल्या माणसाला सांगितलं होतं.

रॅम्पच्या वरच्या टोकाला पाण्याचा पिंप ठेवलेला होता. सांडलेलं पाणी उतारावरून ओघळत होतं. अक्कांनी जोर लावून निम्म्या उतारापर्यंत गाडी चढवली, आणि तिथं ती थांबली. पुढे जाईना. मग मागे सरकायला लागली. मागून धरायला पोरं धावली तोवर मागचं चाक कडेवरून खाली उतरलं आणि अक्का गाडीसकट पडल्या. उजवं मनगट मोडलं. बिडीची मजुरी हजारावर मिळते. हात प्लास्टरमध्ये असताना हजार कुठून होणार? दीड महिना त्यांच्या घरात पत्ती भिजली नाही की सूप मांडीवर आलं नाही.

त्यांना बघायला गेलो तेव्हा मला शिव्या ऐकायची तयारी होती. अक्कांनी लेकीला चहा टाकायला सांगितला. मग म्हणाल्या, "मेस्त्री, बांधताना एकदा हाक मारली असती तर मी गाडी आणून दावली असती की."

त्या एका वाक्यानं माझी झोप गेली. त्यांचं घर शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. बांधकाम चालू असताना मी रोज त्यांच्या दारावरून जात होतो.

दुसऱ्या दिवशी टेप आणि पाण्याची नळी घेऊन शाळेत गेलो. शाळेचं जोतं दोन फूट उंच, माझा रॅम्प नऊ फूट लांब. सार्वजनिक इमारतीतला उतार एकास बारापेक्षा उभा नसावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, असं केंद्र सरकारची सुगम्यतेची मानकं सांगतात. दोन फुटांना चोवीस फूट. मी नऊ फुटांत बसवला होता, कारण पायरी आणि फुलझाडांच्या वाफ्यामध्ये तेवढीच जागा होती. वाफा हलवावा असं माझ्या मनातही आलं नाही. एस्टिमेटमध्ये 'रॅम्प' एवढंच लिहिलेलं होतं. उताराचं प्रमाण कुणी विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. वरून सिमेंटची घोटाई केली, काचेसारखी. घोटाई चांगली झाली की गवंड्याचा हात चांगला, असं आम्हाला शिकवलेलं. घरातल्या कोब्याला ते ठीक आहे. उतारावर ओलं सिमेंट सुकायच्या आत केरसुणी आडवी ओढून खरखरीत करायचं असतं, म्हणजे चाकाला आणि कुबडीच्या रबराला पकड मिळते. कठडा एकाच बाजूला, आणि दुसरी बाजू उघडी. तिथं चार इंचाची कड उचलून घेतली असती तर अक्कांचं चाक खाली गेलं नसतं. दहा पाट्या मालाचं काम होतं ते.

आता तुमच्या गावातल्या पंचायतीत, दवाखान्यात, बँकेत, शाळेत जे रॅम्प आहेत ते तपासायला इंजिनिअर लागत नाही. चार फूट लांबीची सरळ फळी घ्या आणि गवंड्याकडची पाणसळ घ्या. फळीचं वरचं टोक उतारावर टेकवा आणि खालचं टोक हाताने उचलत न्या. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला की थांबा. खालच्या टोकाशी फळी आणि उतार यांच्यामधली फट मोजा. चार इंच किंवा कमी असेल तर उतार ठीक आहे. पाच-सहा इंच असेल तर चढवायला मागून माणूस लागणार. माझ्या रॅम्पवर ती फट साडेदहा इंचांच्या वर होती. ती मोजताना मी एकटा होतो, ते बरं झालं.

रॅम्प मी पदरचे पैसे घालून फोडला आणि नवा बांधला. वाफा हलवला. व्हरांड्याच्या कडेने बारा फूट उतार, मग पाच फूट सपाट टप्पा, मग पुन्हा बारा फूट. त्या टप्प्यावर दम घेता येतो, हात बदलता येतो. दोन्ही बाजूंना कठडा, आणि तोही दोन उंचींवर, खुर्चीत बसलेल्यासाठी एक आणि उभ्यानं चालणाऱ्या म्हाताऱ्यासाठी एक. अक्कांचा हात बरा झाल्यावर त्यांना बोलावलं. मला वाटलं होतं त्या सरळ वर जातील.

त्या रॅम्पपर्यंत पोहोचल्याच नाहीत. फाटकात गटारीवर लोखंडी जाळी होती आणि तिच्या पट्ट्या वाटेच्या दिशेनेच लावलेल्या. तीनचाकीचं पुढचं चाक दोन पट्ट्यांच्या मध्ये रुतलं. जाळी आडवी फिरवायला वेल्डरला अर्धा तास लागला. नंतर त्या रॅम्प चढून वर गेल्या, स्वतःच्या हाताने, आणि वर्गाच्या दाराशी दीड इंचाच्या उंबऱ्यावर अडल्या. म्हणजे फाटक, वाट, उतार, उंबरा, दार, टेबल, संडास ही एकच साखळी आहे, आणि एक कडी तुटली की बाकीच्या सगळ्यांवर केलेला खर्च वाया गेला. आपल्याकडे कामं सुटी सुटी निघतात. रॅम्पचं टेंडर एका वर्षी, फाटकाचं दुसऱ्या वर्षी, आणि संडासाचं कुणा तिसऱ्याकडे. म्हणून तपासणी कागदावर करू नका. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाबरोबर रस्त्यापासून काम होतं त्या टेबलापर्यंत आणि तिथून संडासापर्यंत जा, आणि जिथं तो थांबेल तिथं खडूने खूण करा.

संडासाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही संडासाचं दार अडीच फुटी लावतो. खुर्चीला तीन फूट मोकळी वाट हवी. चौकटीचं माप तीन फूट असून भागत नाही, कारण पल्ला आणि बिजागरी त्यातून तीन-चार इंच खातात. दार बाहेर उघडावं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही. आत खुर्ची वळायला पाच फुटांचा मोकळा घेर हवा. आधाराच्या दांड्या नुसत्या विटेत स्क्रू मारून चालत नाहीत, माणसाचं सगळं वजन त्यावर येतं. त्या जागी आधीच काँक्रीट भरून घ्यावं. आणि एवढं सगळं करून त्या संडासाला कुलूप लावून किल्ली शिपायाच्या खिशात ठेवली तर ते बांधलंच नाही असं समजा. अक्का कुठंही बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे मला त्यांच्या लेकीकडून कळलं. उन्हाळ्यातसुद्धा.

दुसरी माझी चूक ब्रेलची. एका इमारतीत दारांशेजारी ब्रेलच्या पट्ट्या लावायचं काम माझ्याकडे होतं. मराठी शाळेत ब्रेल शिकलेल्या एका अंध तरुणाला मी नंतर तिथं नेलं. पट्टीवर बोट फिरवून तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "काका, ही उलटी लागलीये." खालची बाजू वर. मी अक्षरं वाचू शकत नव्हतो आणि विचारलंही नव्हतं. सुलट लावल्यावर त्यानं कानडी शब्द उच्चारून दाखवला. मला नवल वाटलं. मग त्यानं समजावलं की १९५१ पासून भारतीय भाषांना मिळून एकच भारती ब्रेल आहे. मराठी 'क' आणि कानडी 'क' यांचे ठिपके सारखेच. आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून किती वर्षं काय काय झालं, ते सांगायला नको. बोटाखाली मात्र दोन्ही भाषांचं अक्षर एक आहे.

अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फरशांचंही तसंच. त्या शोभेच्या नव्हेत. जपानमधल्या ओकायामा शहरात सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ साली पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे सरळ चाला, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. फरशीवाल्याला हे सांगितलं नाही तर तो दोन्ही मिसळून नक्षी करतो, आणि काठी घेऊन चालणारा माणूस थेट खांबावर जातो. ऐकू न येणाऱ्यांसाठी खिडकीवर नाव पुकारण्याऐवजी नंबर दिसला तरी अर्धं काम होतं.

"आमच्याकडे असं कुणी येतच नाही," हे मी बऱ्याच कचेऱ्यांत ऐकलंय. मीही म्हणायचो. येता येत नाही म्हणून दिसत नाहीत. २०११ च्या जनगणनेत एकट्या कर्नाटकात तेरा लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना एसटीचा प्रवास फुकट झाला, तरी अक्कांना बसची पहिली पायरीच चढता येत नाही. आणि हे खेड्याचं दुखणं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विराली मोदी यांना स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी खारच्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं, कारण लिफ्ट नव्हती. त्यांनी ते जाहीरपणे मांडलं, तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. उचलून नेणं हा मदतीचा प्रकार आहे असं आपल्याला वाटतं. ज्याला उचललं जातं त्याला विचारून बघा. आमच्यापासून दीड-दोन तासांवर कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू केली. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करत आल्या. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे पुस्तक मी रॅम्प फोडल्यानंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

मागणी करायची तर कायदा तुमच्या बाजूला आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की सुगम्यतेची मानकं पाळली नसतील तर इमारतीला काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी या अंध कार्यकर्त्यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की ही मानकं नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ती सक्तीची हवीत. अर्ज लिहिताना हे कलमांसकट लिहा, नवीन इमारतीसाठी कलम ४४, जुनीसाठी ४५. सोबत फळीची फट मोजलेला फोटो लावा. "रॅम्प नीट नाही" या वाक्याला उत्तर मिळत नाही, "चार इंचाच्या जागी नऊ इंच आहे" याला द्यावंच लागतं.  कचेरीत दाद लागली नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. कर्नाटकात ग्रामपंचायतीला पुनर्वसन कार्यकर्ता असतो, लोक त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो स्वतः दिव्यांग असतो. गावात कुणाला काय अडतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, म्हणून अर्जावर त्याची सही आधी घ्या. अर्ज मराठीत लिहिलात तर एक प्रत कानडीतही जोडा. भाषेच्या कारणावरून कागद बाजूला पडू देऊ नका.

आणि माझ्यासारख्या मेस्त्रींना सांगतो: एस्टिमेटमध्ये नुसतं 'रॅम्प' लिहिलेलं असेल तर सही करू नका. लांबी, रुंदी, उताराचं प्रमाण, कठडे, कड, पृष्ठभाग, सगळं लिहून मागा. जागा कमी पडते म्हणतील. पाणी किंवा वाहनं ठेवायला जागा सापडते, तशी ही पण सापडते.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात वाचनालयाचं काम मिळालं. पाया भरला, जोतं आलं. रॅम्पचं काँक्रीट टाकायच्या आधी मी जमिनीवर फक्कीने त्याची पूर्ण आखणी केली, टप्प्यासकट, आणि अक्कांना टेम्पोत तीनचाकीसह घेऊन गेलो. त्यांनी फक्कीच्या रेघांमधून गाडी दोनदा फिरवली. वळणावर थांबल्या, मागे घेतली, पुन्हा वळवून बघितली. म्हणाल्या, "हितं एक हात वाढीव पायजे मेस्त्री, माझी गाडी लांब हाय." मी रेघ पुसली आणि एक हात सरकवून नवी मारली. खडी, वाळू, मिक्सर सगळं सोमवारसाठी सांगितलेलं होतं. ते मंगळवारवर ढकललं.