परक्याचा पाहुणचार

पाठ: मत्तय २५:३१-४६

ह्या पाठांत प्रभूनें न्यायाच्या दिवसाचें चित्र काढिलें आहे. तेथें राजा कोणाच्या विद्वत्तेची परीक्षा घेत नाहीं. भुकेल्यास कोणीं जेवूं घातलें, परक्यास कोणीं घरांत घेतलें, इतकेंच तो पाहतो. कचेरींत बसून कागद तपासणाऱ्याच्या हातून ही सेवा घडेल काय? ह्याविषयीं एक खरी हकीकत सांगतों.

आफ्रिकेंतील युगांडा देशांत पुष्कळ हिंदी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या राहत होतीं. त्यांत हिंदु होते, इस्माइली मुसलमान होते, गोमांतकांतील ख्रिस्तीही होते. ४ ऑगस्ट १९७२ रोजीं तेथील सत्ताधीश इदी अमीन ह्यानें त्यांस ९० दिवसांत देश सोडण्याचें फर्माविलें. घरेंदारें व दुकानें टाकून त्यांस निघावें लागलें. कित्येक तर कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहींत.

सर्वांत अधिक माणसें ब्रिटननें घेतलीं. कॅनडा सरकारनें रॉजर सेंट व्हिन्सेंट ह्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं एक तुकडी कंपाला शहरीं पाठविली. ६ सप्टेंबर रोजीं कचेरी उघडली आणि दारापुढें रांगा लागल्या. अर्ज तपासणें, मुलाखत घेणें, वैद्यकीय तपासणी करविणें, विमानांत जागा देणें, हें सर्व मुदतीच्या आंत उरकावयाचें होतें. २७ सप्टेंबर रोजीं पहिलें विमान निघालें. ८ नोव्हेंबरास मुदत संपेपर्यंत ३१ विमानांतून सुमारें ४,४०० माणसें सुखरूप गेलीं. माँट्रियल येथील लष्करी छावणींत त्यांस गरम जेवण व थंडीचे कपडे मिळाले.

कुशल माणसें मिळावीं हा कॅनडाचा लाभही त्यांत होता, हें खरें. तरी वेळेवर मारलेला शिक्का त्या दिवशीं भाकरीइतकाच मोलाचा होता.

बंधुभगिनींनो, बाप्तिस्मा घेतल्यावरून ज्यांस घराबाहेर काढण्यांत आलें, असे पुष्कळ जण आपल्या मंडळ्यांत होऊन गेले. त्यांस कोणीं तरी ओसरीवर जागा दिली, म्हणून ते तगले. आज विधवा अर्ज लिहून घेण्यास आपल्या उपदेशकाकडे येते. परगांवचा मजूर मुलाचें नांव शाळेंत घालण्यासाठीं वाट विचारतो. त्यांस "उद्यां ये" म्हणणें सोपें आहे. परंतु त्यांची मुदत कदाचित् आजच संपत असेल. त्यांचा धर्म व जात न विचारतां आपण लेखणी हातीं घ्यावी.

प्रश्न:
१. आपल्या गांवांत परका कोण आहे?
२. ह्या आठवड्यांत त्याचें कोणतें काम आपण उद्यांवर टाकिलें?