उन्हाळा आणि घराचे छप्पर

हा पाठ मार्च महिन्यातच घ्यावा. शाळा सकाळची झाली की मुले दुपारपूर्वी घरी परततात व भर उन्हाची वेळ स्वतःच्या छपराखाली काढतात.

आरंभी शिक्षकाने विचारावे की, उन्हाळ्यात घरात उष्णता सर्वांत अधिक कोठून शिरते? बहुतेक मुले दारे-खिडक्या सांगतील. तेव्हा अंगणात काठी रोवून दर आठवड्यास माध्यान्हीची सावली मोजवावी. ती आखूड होत जाते. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाचा मुख्य मारा भिंतींवर नसून छपरावर होतो.

यानंतर प्रयोग. सारखे दोन रिकामे पत्र्याचे डबे घ्यावेत. एकास काजळी व दुसऱ्यास चुना लावून ते उन्हात पालथे ठेवावेत आणि अर्ध्या तासाने आतील तापमान पाहावे. तापमापक साधा घ्यावा. ज्वरमापक मुळीच वापरू नये, तो ४२ अंशांपर्यंतच चालतो व पुढे फुटण्याचा संभव असतो. चुन्याचा डबा कमी तापलेला आढळेल. पत्र्याच्या छपरास चुन्याचे दोन हात दिल्यास हेच घडते. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दर वर्षी करावे लागते.

विदर्भ-खानदेशातील धाब्याच्या घरांत मातीच्या जाड थरातून उष्णता आत पोचण्यास कित्येक तास लागतात. म्हणून दुपारी तेथे गारवा असतो. परंतु तीच उष्णता रात्री घरात उतरते. जुनी माणसे धाब्यावर किंवा अंगणात निजत, त्याचे हेच कारण. पत्रा ह्याच्या उलट : क्षणात तापतो, रात्री लवकर निवतो. जुने ते सर्व चांगले, असे मुलांच्या मनावर ठसवू नये. दोन्ही घरांत नियम एकच, दिवसा झळा आत येऊ देऊ नयेत व रात्री दारे-खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात. पत्र्याखाली मात्र कोंडून बसू नये. दुपार झाडाच्या सावलीत काढावी.

वाळ्याची ओली ताटी थंडावा का देते, हे माठावरून समजावता येते. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. तेवढ्याने ५८ लिटर पाणी १० अंशांनी थंड होईल. कोकणात मात्र हवेत आधीच बाष्प फार असल्याने ताटीचा उपयोग थोडा. तेथे वाऱ्याची वाट मोकळी ठेवणे व रुंद पडवी हेच खरे उपाय होत.

तान्ह्या मुलाची झोळी भर दुपारी पत्र्याखाली बांधू नये, हे थोरल्या भावंडांस आवर्जून सांगावे. कोणाचे अंग अतिशय तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विलंब न लावता आरोग्य केंद्रात पोचवावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने आपल्या घराचे छप्पर कशाचे आहे व दुपारी दोन वाजता घरातील कोणती जागा सर्वांत थंड असते, हे लिहून आणावे.